सुहैली : मुंबईत बांधलेल्या एका छोट्या बोटीची परीक्षा

‘सुहैली’चं नाव निघालं की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं. एकट्या माणसानं, कुठेही न थांबता, जगाला शिडाच्या बोटीतून पहिली प्रदक्षिणा घातली ती मुंबईत बांधलेल्या बोटीतून! वाक्य खरं आहे. पण ही बोट नेमकी चांगली कशात होती, हे सहसा कुणी सांगत नाही. मी मूळचा इंजिनिअर. त्यामुळे एखाद्या वस्तूचा अभिमान बाळगण्याआधी तिला मोजून पाहायची सवय आहे. इथे तेच करू या.

आधी तिची जन्मकथा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. त्यानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ही बोट बांधून घेतली आणि १९६४ साली ती पाण्यात उतरली. आराखडा मात्र इथला नव्हे. तो विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकाचा, १९२० च्या दशकातला. त्याचंही मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरनं केलेल्या बचाव-बोटींत होतं. वादळात अडकलेल्या कोळ्यांना वाचवायला जाणाऱ्या त्या बोटी. म्हणजे घाट नॉर्वेचा, कागद अमेरिकेचा, आणि सागवान व हात मुंबईचे. वाकस आणि कामट्यानं फिरवायचा सामता, अशा जुन्या हत्यारांनी सुतारांनी हे काम केलं.

डेकवर लांबी साधारण ३२ फूट, रुंदी ११ फूट, दोन डोलकाठ्या. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही टोकं निमुळती, आणि तळाला पुढून मागपर्यंत जाणारा लांबलचक कणा.

आता पहिली मोजणी, वेगाची. कुठलीही बोट चालताना स्वतःची लाट तयार करते. वेग वाढत जातो तशी ती लाट लांब होत जाते. लाट बोटीएवढी लांब झाली की बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते, आणि वजनदार बोटीला त्यातून वर चढणं जमत नाही. ही मर्यादा काढायला सोपं सूत्र आहे : पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं. सुहैलीची ही लांबी सुमारे २८ फूट. उत्तर येतं ७.१ नॉट.

प्रत्यक्षात काय झालं? १४ जून १९६८ ला ती इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाली आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतली. ३१२ दिवस, ३० हजार सागरी मैलांहून थोडं जास्त अंतर. म्हणजे दिवसाला सुमारे ९६ मैल, तासाला ४ नॉट. मर्यादेच्या जेमतेम ५७ टक्के! सायकलवाला सहज मागे टाकेल असा हा वेग.

दुसरी मोजणी वजनाची. बोटीचं टनांतलं वजन घ्यायचं, आणि फुटांतल्या लांबीला शंभरानं भागून जे येईल त्याच्या घनानं त्याला भागायचं. आजच्या बऱ्याच प्रवासी बोटींचा आकडा २०० च्या आसपास येतो. सुहैलीचा ४०० च्या घरात जातो. ती भारीच होती. मंद वाऱ्यात रेंगाळणारी, आणि वाऱ्याच्या तोंडावर चालवायला कष्टाची.

मग ती जिंकली कशी? इथे तिसरी परीक्षा येते, आणि ती सूत्रात बसत नाही : बोट सरळ चालते का? नॉक्स-जॉन्स्टननं लावलेलं आपोआप दिशा राखणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास निकामी झालं. अजून अख्खा पॅसिफिक, केप हॉर्न आणि अटलांटिक बाकी होता. शिडं नीट तोलून, सुकाणू बांधून ठेवलं की बोट आपली वाट धरून जायची, आणि हा माणूस झोपू शकायचा. हे त्या लांब कण्याचं देणं. एकट्या खलाशासाठी झोप ही अन्नाइतकीच महत्त्वाची.

त्याच शर्यतीत जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ जवळपास तेवढ्याच लांबीच्या, पण दोन आखूड कण्यांच्या फायबरग्लास बोटी घेऊन निघाले होते. शांत पाण्यात सहलीला उत्तम अशा बोटी. रिजवेला ब्राझीलला थांबावं लागलं, ब्लाइथला दक्षिण आफ्रिकेत. नायजेल टेटलीची तीन अंगांची बोट सुहैलीपेक्षा खूप वेगवान. ती शेवटी ताणली गेली आणि घर हजार-अकराशे मैलांवर असताना बुडाली. नऊ जण निघाले, पोहोचला एकच.

सुहैलीत दोष नव्हते असं नाही. सुरुवातीलाच, केप व्हर्डे बेटांजवळ, कण्यालगतच्या फटींतून पाणी येऊ लागलं. त्यानं समुद्रात बुड्या मारून कापडाची पट्टी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसवला. पुढे दक्षिणी महासागरात ती पार आडवी झाली, केबिन हलली. पण सागवानी सांगाडा टिकला, आणि जे मोडलं ते एका माणसाला हातानं दुरुस्त करता आलं. मुंबईच्या सुतारांचं श्रेय मला इथे दिसतं, वेगात नव्हे.

ही गोष्ट पुढे गोव्यात येते. त्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ साली जुन्या पद्धतीची शर्यत ठरली. तिच्यासाठी अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ सुहैलीच्या घाटावर आपल्या गोव्यातच अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली, लाकूड आणि इपॉक्सी वापरून. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळानं तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. बोट सोडून द्यावी लागली. घाट तोच, नशीब निराळं. तेव्हा ‘या घाटाला काही होत नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर ते खरं नाही.

ती शर्यत ज्याँ-लुक व्हान डेन हीड यांनी २१२ दिवसांत जिंकली. त्यांच्या रस्लर ३६ बोटीची पाण्यावरची लांबी सुमारे २७ फूट, म्हणजे सूत्रानुसार कमाल वेग सुहैलीपेक्षा किंचित कमीच! तरी शंभर दिवस वाचले. हलकं अंग, सुधारलेली शिडं, आधीच्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव, या सगळ्यामुळे ती आपल्या मर्यादेच्या जास्त जवळ राहू शकली.

म्हणून माझा निष्कर्ष असा : सुहैली ही त्या काळातही जलद किंवा आधुनिक बोट नव्हती. ती वळणाला सरळ, अंगाला भक्कम आणि दुरुस्तीला सोपी होती, आणि दहा महिने एकट्यानं काढायचे तर याच तीन गोष्टी लागतात. ‘मुंबईत बांधलेली’ एवढं सांगून थांबण्यापेक्षा हे सांगितलं, तर त्या अनाम सुतारांचा मान अधिक राहील.