उनहारीच्या सात पवनचक्क्या

अण्वस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने पवनचक्क्या उभारायला जावं, हे वरवर विसंगत वाटतं. पीटर हेज यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियात काम सुरू केलेल्या नॉटिलस इन्स्टिट्यूटने १९९८ मध्ये नेमकं तेच केलं. उत्तर कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उनहारी गावात अमेरिकी आणि कोरियन तंत्रज्ञांनी मिळून सात पवनचक्क्या बसवल्या. एकूण क्षमता जेमतेम साडेअकरा किलोवॉट. त्यावर काही घरं, दवाखाना आणि बालवाडीत दिवे लागले.

त्यामागचा विचार मात्र मोठा होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर उत्तर कोरियाचं स्वस्त तेल आटलं, खतांचे कारखाने आणि शेतीचे पंप थंडावले, सरपणासाठी डोंगर उघडे पडले आणि १९९५ च्या पुराने अन्नटंचाई अधिकच भीषण केली. म्हणजे उत्तर कोरियाच्या अणुभट्टीच्या हट्टामागे शस्त्राइतकीच विजेची टंचाईही होती. १९९४ च्या करारात अणुकार्यक्रम गोठवण्याच्या बदल्यात अमेरिकेने हजार-हजार मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या आणि त्या होईपर्यंत वर्षाला पाच लाख टन इंधन तेल देऊ केलं. नॉटिलसच्या अभ्यासकांनी यातली मूळ अडचण दाखवली: त्या देशाच्या मोडकळीला आलेल्या वीजजाळ्याला एवढा मोठा संच पेलणारच नव्हता. तो अचानक बंद पडला, तर सगळं जाळं कोसळलं असतं. उनहारीत त्यांनी घरोघर ऊर्जावापराची पाहणीही केली. ज्या देशाबद्दल जग उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अंदाज बांधत होतं, तिथे चुलीत काय जळतं हे त्यांनी घरात जाऊन विचारलं. या संस्थेचं मोठेपण मला या विचारण्यात दिसतं.

अशी मदत हुकूमशाहीच्या पथ्यावर पडते, हा आक्षेप गंभीर आहे. पण साडेअकरा किलोवॉटवर कोणाचं सैन्य चालत नाही. बालवाडीतला दिवा मात्र लागतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: याने साधलं काय? २००२ मध्ये युरेनियम समृद्धीकरणावरून वाद पेटला, तेल थांबलं, अणुभट्ट्यांचा प्रकल्प २००६ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली. सात पवनचक्क्यांनी बॉम्ब थांबवला नाही, हे खरंच. पण हे अपयश त्या विचाराचं नाही, तो अर्ध्यावर सोडणाऱ्या राजकारणाचं आहे. करारातल्या दोन हजार मेगावॉटपैकी एकही युनिट वीज कधी तयार झाली नाही. उनहारीत ती झाली. शेजारी देशाच्या बॉम्बची चर्चा करणाऱ्यांनी आधी त्याच्या विजेचा आणि सरपणाचा हिशेब मांडावा.