एका शून्याची अनेक नावे

मराठीत शून्य एकच असले, तरी त्याचे नाव प्रसंगानुसार बदलते. पूर्वी शाळेत मुले ‘एकावर पूज्य दहा’ असे घोकत. तिथे पूज्य म्हणजे शून्यच. परीक्षेत एकही गुण पडला नाही की ‘भोपळा मिळाला’ म्हणतात आणि फलंदाजाने पहिली धाव काढली की त्याने ‘भोपळा फोडला’. सरकारी तक्त्यात मात्र ‘निरंक’ लिहितात. रकाना कोरा सोडला, तर माहिती भरायची राहिली असे वाटू शकते. ‘निरंक’ म्हटले की पाहणी झाली आणि नोंदण्याजोगे काही निघाले नाही, हे स्पष्ट होते.

यांतली काही नावे डोळ्यांनी दिली, काही कानांनी. भोपळा आला तो शून्याच्या गरगरीत आकारावरून. पैसा संपला की तिजोरीत ‘खडखडाट’ होतो, घरात ‘ठणठणगोपाळ’ असतो. हे रिकामेपण ऐकू येणारे आहे.

इंग्रजीतही अशीच वाटणी आहे. आकडेमोडीत ब्रिटिश माणूस ‘नॉट’ म्हणतो, अमेरिकी माणूस ‘झीरो’. फुटबॉलच्या गुणफलकावर ‘निल’ येते, टेनिसमध्ये ‘लव्ह’. क्रिकेटमधला ‘डक’ म्हणजे मूळचे ‘बदकाचे अंडे’, म्हणजे आपल्या भोपळ्याचाच भाऊ. फोन नंबर सांगताना शून्याचा ‘ओ’ होतो, कारण ते त्या अक्षरासारखे दिसते. 1905 हे साल इंग्रजीत ‘नाइन्टीन ओ फाइव्ह’ होते. मराठीत ‘एकोणीसशे पाच’ म्हणताना ते शून्य उच्चारलेही जात नाही.

‘झीरो’ हा शब्दही शून्याच्याच कुळातला. संस्कृत ‘शून्य’ म्हणजे रिकामे. अरबांनी तो अर्थ घेऊन ‘सिफ्र’ हा आपला शब्द वापरला. 1202 मध्ये इटलीच्या फिबोनाचीने लॅटिन ग्रंथात त्याचे ‘झेफिरम’ केले आणि पुढे त्याचे ‘झीरो’ झाले. गुप्त लिपीसाठी वापरला जाणारा ‘सायफर’ हा शब्दही त्याच ‘सिफ्र’पासून आला, त्याचा आधीचा अर्थ शून्य असाच होता.

शून्याचे गणिती नियम ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये मांडले. 1150 मध्ये भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले. ‘ख’ म्हणजे आकाश, आणि गणितात शून्य. या विचाराला काशीत मराठी मुलखातल्या घराण्याने पुढे नेले. पुढे काही शतकांनी विदर्भातल्या पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचे एक ज्योतिषी कुटुंब काशीत स्थायिक झाले होते. त्यातल्या कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. भाजक जितका लहान, तितका भागाकार मोठा. म्हणून भाजक अत्यंत घटला की भागाकाराला सीमा उरत नाही, असे त्यांनी खहर समजावून सांगितले. त्यांचे पुतणे मुनीश्वर यांनी भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’ या ग्रंथावर टीका लिहिली.

‘काही नाही’ हेही नेमके सांगावे लागते, म्हणूनच या शब्दांची गरज पडली. आज मराठी बोलण्यात सर्रास ‘झीरो’ येतो आणि त्यापुढे पूज्य मागे पडत चालले आहे. घरात मुलांना अंक शिकवताना ‘एकावर पूज्य दहा’ हे एकदा तरी त्यांच्या कानांवर घालावे.