इडा : स्वतःचा चंद्र बाळगणारा पाषाण

२४३ इडा हा मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातला खडकाळ लघुग्रह. सूर्यापासून सरासरी ४३ कोटी किलोमीटरवरून तो फिरतो आणि एका प्रदक्षिणेला त्याला पृथ्वीवरची जवळजवळ पाच वर्षे लागतात. व्हिएन्नाच्या वेधशाळेत योहान पालिसा यांनी २९ सप्टेंबर १८८४ रोजी तो शोधला. मद्यनिर्मितीच्या व्यवसायात असलेले हौशी खगोलनिरीक्षक मॉरिझ फॉन कुफनर यांनी त्याला बाळ झ्यूसचा सांभाळ करणाऱ्या क्रीटच्या अप्सरेचे नाव दिले. पुढची शंभराहून अधिक वर्षे इडा म्हणजे दुर्बिणीतला एक ठिपकाच होता.

२८ ऑगस्ट १९९३ रोजी गुरूकडे निघालेले ‘गॅलिलिओ’ यान इडापासून सुमारे २,४०० किलोमीटरवरून गेले. यानाचा मुख्य अँटेना पूर्ण उघडलाच नव्हता, त्यामुळे छायाचित्रे दुय्यम अँटेनातून अतिशय संथपणे पृथ्वीवर उतरवावी लागली. काही तर पुढच्या वर्षीच मिळाली. त्यांतून दिसला तो सुमारे ६० किलोमीटर लांब, २५ रुंद आणि १९ जाड, वेडावाकडा, मध्ये अरुंद झालेला पाषाण. तो ४ तास ३८ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. गुरुत्व पृथ्वीच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि आकार ओबडधोबड असल्याने तेही जागोजागी बदलते.

सारा पृष्ठभाग विवरांनी इतका भरलेला आहे की नवा आघात जुन्या विवराची खूण पुसल्याशिवाय होत नाही. या विवरांना पृथ्वीवरच्या गुहांची नावे दिली आहेत. फ्रान्समधली चित्रगुहा लास्को, दक्षिण आफ्रिकेतली जीवाश्मांची स्टर्कफोंटेन, अमेरिकेतली मॅमथ अशा एकमेकींपासून दूरच्या गुहा इथे शेजारी आल्या आहेत. काही प्रदेशांना पालिसा, व्हिएन्ना आणि पालिसा आधी जिथे काम करीत होते त्या पोला गावाचे नाव मिळाले.

यातले सर्वांत लक्षवेधी विवर अझुरा. काप्रीच्या निळ्या गुहेवरून नाव पडलेले हे विवर इडावरच्या मोठ्या विवरांत बहुधा सर्वांत ताजे आहे. त्यातून उडालेला माल दूरवर पसरला आणि तिथली जमीन आसपासच्या मानाने किंचित निळसर दिसते. बाकीची जमीन तांबूस आहे, कारण सौरवारा आणि सूक्ष्म कणांचा मारा उघड्या खडकाचा रंग हळूहळू बदलतो. या अवकाशी विदारणामुळे एक जुने कोडे सुटायला मोठी मदत झाली. पृथ्वीवर सर्वाधिक पडणाऱ्या साध्या कॉन्ड्राइट अशनींचा रंग खडकाळ लघुग्रहांशी जुळत नसे. इडाची ताजी जमीन मात्र या अशनींच्या रंगाकडे झुकते. पुढे इटोकावा या दुसऱ्या लघुग्रहावरून जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये धूळ आणली, तेव्हा हे नाते पक्के झाले.

यापेक्षाही मोठी भेट १७ फेब्रुवारी १९९४ रोजी मिळाली. मोहिमेतल्या अ‍ॅन हार्च यांना उशिरा उतरलेल्या छायाचित्रांत इडाशेजारी एक लहान गोळा दिसला. हा इडाचा उपग्रह डॅक्टिल, जेमतेम दीड किलोमीटरचा, आकाराने मात्र इडापेक्षा कितीतरी गोल. यानाच्या भेटीच्या वेळी तो इडाच्या केंद्रापासून सुमारे ९० किलोमीटरवर होता. लघुग्रहाला उपग्रह असल्याची ही पहिली निर्विवाद नोंद; आज असे शेकडो लघुग्रह माहीत आहेत. इडा ज्या कोरोनिस कुळातला आहे ते एका मोठ्या पिंडाच्या फुटण्यातून जन्मले. त्याच फुटीत ही जोडी जमली असावी, हा एक तर्क. पण एवढासा डॅक्टिल इतका काळ आघातांतून टिकला कसा, हा प्रश्न मग उरतोच. इडावरच्याच एखाद्या आघातातून तो नंतर सुटला असावा, हा दुसरा तर्क.

डॅक्टिलच्या भ्रमणावरून इडाचे वजन काढता आले. घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट निघाली, म्हणजे आत लोखंडाचा मोठा साठा नाही. ‘गॅलिलिओ’ मात्र डॅक्टिलच्या कक्षेच्या पातळीजवळूनच गेल्याने ती कक्षा नेमकी ठरली नाही; घनतेच्या आकड्यात त्यामुळे पाण्याच्या घनतेच्या निम्म्याइतकी कमीजास्त अजून धरावी लागते.