माळरानावरील वणवा आणि शिकारबंदी

सोलापूरहून बार्शीकडे जाताना नान्नज हे गाव लागते. तेथील माळ वरवर पाहता उजाड भासतो. मुरूम, खडक व गुडघाभर गवत यांखेरीज दृष्टीस फारसे काही पडत नाही. तथापि या माळासाठीच इ. स. १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. प्रारंभी ८,४९६ चौ. कि. मी. असलेले हे क्षेत्र पुढे सुमारे १,२२२ चौ. कि. मी. इतके करण्यात आले. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. आज देशात मुक्त स्थितीत हे पक्षी दीडशेहूनही कमी उरले असून नान्नज येथे त्यांचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. काळवीट, लांडगा व खोकड मात्र अद्याप याच गवताच्या आश्रयाने राहतात.

माळ पेटविल्यास नवे गवत जोमाने फुटते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्यात तथ्य थोडे व हानी फार. जमिनीत ओल नसेल तर उन्हाळ्यात फुटवा येतोच कोठून? उलट उभी वैरण जळते, राख वाऱ्यावर उडून जाते आणि उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्यास मिळते. वारंवार जाळलेल्या माळावर कुसळी गवत बळावते. त्याची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व तोंडात रुततात. म्हणजे मेंढपाळाच्या हिताकरिता लावलेली आग अखेर त्याच्याच कळपास भोवते.

पुष्कळदा वणव्याचा उगम माळावर नसून शेजारच्या शेतात असतो. उसाचे पाचट किंवा बांधावरचे गवत भर दुपारी पेटविले जाते व वारा फिरताच ठिणगी माळावर जाते. पाचट न जाळता सरीत पसरून कुजविणे केव्हाही श्रेयस्कर. माळाच्या कडेने गवत खरडून जाळरेषा काढावयाची ती फाल्गुनापूर्वीच, गवत पुरते वाळण्याच्या आत. आग लागलीच तर कडुनिंबाचे ओले डहाळे घेऊन बाजूने व पाठीमागून झोडपीत जावे. ज्वाळांच्या तोंडासमोर कोणीही उभे राहू नये. समोरून प्रतिआग लावण्याचे धाडस वनकर्मचाऱ्यांवाचून करू नये. वनविभागास १९२६ या क्रमांकावर वर्दी देता येते. राखीव वनात ज्यांना चराईचा वा अन्य हक्क आहे, त्यांनी आग विझविण्यास साहाय्य करणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये बंधनकारक आहे.

शिकारीविषयीही जुन्या समजुती टिकून आहेत. मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्यात परवाने व बंद हंगाम यांची तरतूद होती. त्यावरून अमुक महिन्यांत शिकार चालते, असे वृद्ध मंडळी अजून सांगतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. आता शिकारीचा हंगाम असा उरलेलाच नाही. काळविटाच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

परंतु काळविटांचा कळप रातोरात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून नेतो, तेव्हा शेतकऱ्याचा संताप समजण्याजोगा असतो. अशा वेळी तारेत वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात माणसेही बळी पडतात. नुकसानीची वर्दी तीन दिवसांच्या आत वनअधिकाऱ्यास द्यावी. पंचनाम्यास वनकर्मचाऱ्यासह ग्रामसेवक व कृषी सहायक उपस्थित असतात. सात-बाराचा उतारा जवळ ठेवावा आणि पंचनामा होईपर्यंत खाल्लेले पीक उपटून टाकू नये.