परदेशातला मुक्काम आणि घरचा नेम

‘अहो, तुम्ही जाऊन या. माझ्यामुळे सगळ्यांची अडचण नको.’ जपानची तिकिटे काढू का, असे मुलाने दूरध्वनीवर विचारले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींचे हेच पहिले उत्तर होते. चोवीस वर्षांपासून तिचा रात्रिभोजनाचा त्याग आहे. कंदमूळ वर्ज्य, आणि पाणी गाळल्यावाचून घ्यायचे नाही. शिखरजी, श्रवणबेळगोळ, मुक्तागिरी यांच्या यात्रांत हा नेम कधी आड आला नाही, कारण तिथल्या धर्मशाळेची घडीच त्या नेमावर बसवलेली असते. परदेशात ती कोण बसवणार, ही तिची खरी धास्ती होती.

आपल्या समाजातील अनेक घरांत हा संवाद घडला असेल. इतवारीतल्या पेढीवरची तरुण पिढी मालाच्या खरेदीसाठी चीनला जाते, मुले-मुली अमेरिकेत, सिंगापुरात स्थायिक होतात आणि आईवडिलांनाही एकदा बोलावणे येते. मग विमानभाडे, व्हिसा, विमा यांची चौकशी कसोशीने होते. मुक्कामाची चौकशी मात्र छायाचित्रे आणि तारे पाहून उरकली जाते. बँकेत छत्तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासल्याने मला एक सवय लागली होती. कागदावर जे सुंदर दिसते त्याची जागेवर काय स्थिती आहे, हे विचारल्याखेरीज सही करायची नाही. ही सवय जपानला निघताना मी विसरलो आणि त्याचा त्रास माझ्या पत्नीला सोसावा लागला.

तसा हा प्रश्न नवा नाही. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले, तेव्हा मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली होती. लंडनमध्ये आरंभीचे कित्येक दिवस ते मुक्कामाच्या घरी अर्धपोटीच राहिले. फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा कुठे त्यांना पोटभर जेवण मिळाले. पुढे स्वतंत्र खोल्या घेऊन ते स्वतः शिजवू लागले. त्याआधी पाच वर्षे, १८८३ साली, आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या आणि आरंभी न्यूजर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाच्या घरी उतरल्या. त्या कुटुंबाशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता. त्या घरात त्यांना आपला आहार आणि पोशाख सांभाळता आला. यजमानांना पाहुणा आधीच ठाऊक असला म्हणजे किती अंतर पडते, ते या दोन उदाहरणांवरून कळते.

आमच्या मुलाने मोठ्या हौसेने एका उष्णोदकाच्या गावातील जुन्या लाकडी पांथशाळेत खोली घेतली होती. अशा निवासांना तिकडे र्‍योकान म्हणतात. कागदाच्या सरकत्या भिंती, जमिनीवर तातामीच्या चटया, त्यावर रात्री अंथरली जाणारी गादी. पाहून मन प्रसन्न झाले. मुलाने ‘शाकाहारी’ असे आधी कळवले होते. रात्रीचे जेवण सात वाजता होते, म्हणून पत्नीने नागपूरहून नेलेले खाकरे दिवस मावळण्यापूर्वीच खाऊन घेतले. सकाळी मात्र तिने भात, टोफू आणि मिसोचे सार घेतले. साराची वाटी अर्धी झाली असताना शेजारच्या पालेभाजीवर भुरभुरलेले पातळ, तपकिरी पापुद्रे दिसले. मुलाने चौकशी केली. ते सुकवलेल्या माशाचे पापुद्रे होते आणि साराचे पाणीही त्यांचेच होते.

यजमानीणबाईंचा यात फसवण्याचा हेतू मुळीच नव्हता. ताटात माशाचा तुकडा नाही म्हणजे जेवण शाकाहारी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ नावाचा अर्क मुळाशी असतो आणि घरोघरी तो बहुधा माशापासूनच काढतात. आम्ही चुकीचा प्रश्न विचारला होता. पत्नीने वाटी खाली ठेवली, हात धुतले आणि त्या दिवशी उपवास केला. ती कोणाला एक शब्दही बोलली नाही. मला तेच अधिक लागले.

मुलाने मग खरी चौकशी सुरू केली आणि आमचा पुढचा मुक्काम कोयासान येथे ठरला. ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून नानकाई रेल्वेने डोंगराच्या पायथ्याशी गोकुराकुबाशीला जायचे आणि तिथून दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने चढण चढायची. सुमारे ८०० मीटर उंचीवर, देवदारासारख्या उंच वृक्षांत वसलेले हे बौद्ध मठांचे गाव आहे. कुकाई ऊर्फ कोबो दाइशी या आचार्यांनी इ. स. ८१६ च्या सुमारास त्याची स्थापना केली. आज तिथे शंभरावर मंदिरे आहेत आणि त्यांपैकी पन्नासच्या आसपास मंदिरांत यात्रेकरूंची राहण्याची सोय होते. या मठनिवासाला ‘शुकुबो’ म्हणतात. आपल्या क्षेत्रावरच्या धर्मशाळेचा हा सख्खा भाऊच. दर मात्र धर्मशाळेचा नाही, चांगल्या हॉटेलाइतका आहे. परंतु त्यात दोन्ही वेळचे जेवण येते.

तिथे ‘शोजिन र्‍योरी’ हे भिक्षूंचे परंपरागत जेवण मिळते. त्यात मांस, मासे, अंडी नाहीत, आणि कांदा-लसूणही वर्ज्य. अर्क समुद्री शेवाळाचा आणि वाळवलेल्या अळिंबीचा. जेवण साडेपाचला मांडले जाते. आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळत होता. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच पत्नीने वेळेत, निर्धास्तपणे, ताट पुढ्यात घेतले.

निर्धास्तपणे म्हटले खरे, पण त्यामागे दोन पत्रे होती. कांदा-लसूण नाही म्हणजे जैन आहार झाला, असा आपला समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. मठाच्या जेवणात मुळा, गाजर, रताळे, कमळकाकडी येतात. तिळाचा प्रसिद्ध ‘गोमा-दोफू’ घट्ट होतो तो कुडझू नावाच्या वेलीच्या मुळांतून काढलेल्या सत्त्वाने. अळिंबी आपल्याकडे अनेक घरांत चालत नाही. शिजवताना ‘मिरिन’ किंवा ‘साके’ ही तांदळाची मद्ये चवीला घालण्याची पद्धत आहे. मुलाने हे सर्व जपानीत लिहून, जमिनीखाली वाढणारे काही नको, अळिंबी नको, मद्य नको, असे आठ दिवस आधी कळवले. मठाकडून उत्तर आले की काही पदार्थ कमी होतील, चालेल का? पत्नीच्या ताटात भात, कोया-दोफू म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू, उकडलेल्या हिरव्या भाज्या, शेवाळाच्या पाण्यातले सार आणि फळ एवढेच आले. ती म्हणाली, ‘एवढ्याने माणूस आनंदाने जगतो.’

सकाळी सहाला मठात प्रार्थना असते. पाहुण्यांनी मागे शांत बसावे. धर्म त्यांचा, आपण अतिथी. पत्नीने डोळे मिटून मनात णमोकार मंत्राचा जप केला. नंतर ती नळाचे पाणी छन्न्याने गाळत असताना एक तरुण भिक्षू थबकले. हे कशासाठी, असे त्यांनी मुलाला विचारले. पाण्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून, असे मुलाने सांगितले, तेव्हा ते हसले. भिक्षूंच्या परंपरागत वस्तूंतही पाणी गाळण्याचे साधन असते, असे त्यांनी सांगितले. हे खरेच आहे. पाली परंपरेत भिक्षूच्या आठ परिष्कारांत गाळणे मोजतात. हजारो मैलांवर आपला छन्ना ओळखणारे कोणी भेटेल, असे तिला वाटले नव्हते.

या दोन मुक्कामांवरून माझी एक धारणा पक्की झाली. दोन्ही जागा जुन्या, दोन्ही परंपरागत, दोन्हीकडे जमिनीवरच गादी. परंतु पहिल्या ठिकाणी वास्तू जुनी होती, दुसऱ्या ठिकाणी वास्तूबरोबर नेमही जुना होता. परदेशी वेगळ्या धाटणीचा मुक्काम निवडताना आपण छपराचे वय विचारतो. चुलीचा नेम विचारला पाहिजे.

ही कसोटी इतरत्रही लावता येते. दक्षिण कोरियात २००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने बौद्ध मंदिरांनी परदेशी पाहुण्यांसाठी आपली दारे उघडली. आज ती योजना देशभर चालते. तिथेही पाच उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य आहेत आणि विधिपूर्वक जेवणात शेवटी पात्र धुऊन ते पाणी पिऊन टाकतात. थाळी धुऊन पिण्याचा आपल्या अनेक घरांतला संस्कार आठवावा. इटलीत १९८५ च्या कायद्याने मान्यता मिळालेले शेतघरातील निवास आहेत. शेती करणाऱ्या कुटुंबाकडेच राहायचे आणि कित्येक ठिकाणी स्वतंत्र स्वयंपाकघर मिळते. ज्यांचा नेम कडक आहे त्यांना हे सर्वांत सोयीचे. मोरोक्कोत फेझ, मराकेश येथील ‘रियाद’ म्हणजे मध्ये चौक असलेले वाडे. आपल्या महालातल्या जुन्या वाड्यांची आठवण होईल. भाजी त्याच दिवशी बाजारातून आणतात, त्यामुळे सकाळी सांगितले तर हवे तसे शिजवून मिळू शकते. मात्र भाज्यांचा कुसकुसदेखील पुष्कळदा मांसाच्या पाण्यावर शिजतो, हे विसरू नये. तुर्कस्तानात कप्पादोकिया भागात खडकात कोरलेल्या खोल्या मिळतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी पायऱ्या मोजून घ्याव्यात. मंगोलियातील लोकरी तंबू चित्रांत फार मोहक दिसतात, परंतु तिथला आहार प्रामुख्याने मांस आणि दूध यांचा आहे. स्वतःचा शिधा आणि वेगळी चूल नसेल तर आपल्यासाठी ते ठिकाण नव्हे.

निघण्यापूर्वी विचारण्याचे प्रश्न मी एका कागदावर लिहून ठेवले आहेत. वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून देतो.

१. ‘शाकाहारी जेवण मिळेल का’ एवढेच विचारू नये. काय चालत नाही त्याची यादी त्या देशाच्या भाषेत लिहून पाठवावी. साराचे पाणी, तळण्याचे तेल आणि चवीला घातलेले मद्य यांचा वेगळा उल्लेख करावा.

२. जेवणाची वेळ आणि त्या तारखेचा सूर्यास्त दोन्ही पाहावेत. कोयासानलाच डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो. मग साडेपाचचे जेवण आपल्या उपयोगाचे नाही. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्यास्त नऊनंतर होतो, डिसेंबरात चारच्या आत. नॉर्वेच्या उत्तर टोकाला जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. तिकडे जाणाऱ्याने आपल्या गुरूंना आधीच विचारून घ्यावे.

३. सकाळचे खाणे किती वाजता मिळते? लवकर निघायचे असेल तर आदल्या दिवशी फळे खोलीत ठेवून मिळतील का?

४. खोलीत किंवा आवारात स्वतः शिजवण्याची मुभा आहे का? भांडी वेगळी मिळतील का?

५. उशा आणि दुलया पिसांच्या आहेत का? अनेक ठिकाणी त्या पिसांच्याच असतात आणि सांगितल्यास कापसाच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या मिळतात.

६. स्नानगृह स्वतंत्र आहे की सामाईक? जपानी मठांत आणि पांथशाळांत ते बहुधा सामाईक असते. स्त्री-पुरुषांचे वेगळे, पण आत आडोसा नसतो. आमच्या पत्नीने पहाटे सर्वांच्या आधी स्नान उरकले.

७. जवळपास जैन मंदिर किंवा जैन कुटुंबे आहेत का? जपानात कोबे शहराच्या कितानो भागात भगवान महावीरांचे मंदिर १९८५ पासून आहे. अमेरिकेत न्यूजर्सीत आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ साली स्थापन केलेले सिद्धाचलम आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरचे जैन केंद्र आहे. परक्या देशात चार दिवसांनी देवदर्शन घडले की प्रवासाचा निम्मा शीण जातो.

उत्तर लेखी घ्यावे आणि आरक्षणाच्या कागदाबरोबर ठेवावे. ज्या ठिकाणाहून ‘सर्व काही होईल’ असे एका ओळीत उत्तर येते, त्यापेक्षा ‘एवढे जमेल, एवढे जमणार नाही’ असे सांगणारा यजमान अधिक विश्वासाचा. कर्जदारांच्या बाबतीतही माझा हाच अनुभव होता.

नागपूरला परतल्यावर पत्नीने आर्यिका माताजींपुढे आलोचना केली. जे अजाणतेपणी घडले त्याचे प्रायश्चित्त त्यांनी दिले, ते तिने पूर्ण केले. त्यानंतर आम्ही रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलो. दिवस मावळण्यापूर्वी जेवण्याची घाई आजूबाजूला सर्वांनाच होती आणि कोणालाही काही समजावून सांगावे लागत नव्हते. हे सुख किती मोठे आहे, ते आम्हाला परदेशी जाऊन आल्यावर कळले.

आता मुलाचे पुन्हा बोलावणे आले आहे, या वेळी नोव्हेंबरात. ‘तुम्ही जाऊन या’ असे ती म्हणाली नाही. माझ्या हातातला कागद पुढे ओढून तिने दुसऱ्या क्रमांकाच्या प्रश्नावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘अहो, तिकीट काढण्याआधी हे विचारून घ्या.’