सोन्याच्या टकरींची पंचवीस वर्षं

एप्रिल २००५मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेनं एक घोषणा केली. सोन्याची अणुकेंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगानं एकमेकांवर आदळली की जे द्रव्य तयार होतं, ते वायूसारखं नव्हे तर द्रवासारखं वाहतं, आणि तेही जवळजवळ ‘आदर्श’, म्हणजे आतल्या घर्षणाशिवाय वाहणाऱ्या द्रवासारखं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. त्याच वर्षी ‘फिजिक्स लेटर्स बी’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला. लेखक चौघे: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरमधले राजीव भालेराव, आणि त्यांच्यासोबत ज्याँ-पॉल ब्लेझो, निकोला बोर्गिनी व ज्याँ-इव्ह ओलित्रो. त्यांचं म्हणणं असं की, मोजमापं नीट पाहिली तर हे द्रव्य औष्णिक समतोलाला पूर्णपणे पोहोचलेलं दिसत नाही.

या निबंधाची बातमी झाली नाही. पण २००० साली या टकरी सुरू झाल्यापासूनच्या पंचवीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला तो त्या घोषणेइतकाच महत्त्वाचा वाटतो. या क्षेत्राची खरी प्रगती ‘आदर्श’ या शब्दानं झाली नाही. ते द्रव्य आदर्शापासून नेमकं किती आणि का ढळलंय, हे चिकाटीनं मोजण्यानं झाली.

मुळात टकरीतून उडालेल्या कणांना द्रवाचे नियम लावायचे, ही कल्पना जुनी. लेव्ह लँडाऊ यांनी ती १९५३ साली मांडली, १९८३मध्ये ब्योर्केन यांनी तिला सोपं आणि वापरायला सोयीचं रूप दिलं. १९९२ साली ओलित्रो यांनी त्यातून तपासता येईल अशी खूण काढली. दोन केंद्रकं समोरासमोर न आदळता थोडी बाजूनं घासली, तर त्यांचा सामायिक भाग लंबगोल होतो. आत द्रव असेल तर अरुंद बाजूला दाबाचा उतार तीव्र असतो, म्हणून त्या दिशेनं जास्त कण जोरात बाहेर पडतात. आत नुसतेच एकमेकांना न जुमानणारे कण असतील, तर ते सगळीकडे सारखेच विखुरतील. जून २००० मध्ये ब्रुकहेवनचं ३.८ किलोमीटर परिघाचं ‘रिक’ यंत्र सुरू झालं आणि काही महिन्यांतच ‘स्टार’ प्रयोगगटानं ही लंबगोल असमानता ठळकपणे मोजली.

अडचण अशी की ते द्रव्य कुणालाच दिसत नाही. एका सेकंदाचे एकावर तेवीस शून्यं इतके भाग केले, तर त्यातल्या मोजक्याच भागांपुरतं त्याचं आयुष्य. हाती लागतात ते शोधयंत्रावर येऊन आदळलेले कण. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला की छातीला, यावरून वर गंगापूर धरणातून किती विसर्ग झाला असेल ते ताडतो. हे ताडता येतं, कारण मधली नदी कशी वाहते ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं ठाऊक आहे. टकरींच्या अभ्यासात मधल्या त्या नदीची जागा द्रवगतिकीच्या समीकरणांनी घेतली, आणि पाण्याच्या पातळीची जागा कणांमधल्या सहसंबंधांनी.

हा सहसंबंध म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एका टकरीतून हजारो कण निघतात. त्यातली एक जोडी घ्यायची, दोघांच्या दिशांमधला कोन नोंदवायचा. मग दुसरी जोडी, तिसरी, असं करत लाखो टकरींतल्या सगळ्या जोड्या. शेवटी कोणत्या कोनाला किती जोड्या पडल्या याचा आलेख काढायचा. कण स्वैर उडत असतील तर आलेख सपाट येतो. ते एकाच प्रवाहात वाहून आलेले असतील तर त्यात चढउतार दिसतात.

पण जोड्या फसवतातही. एखादा ऱ्हो कण तुटून दोन पायॉन निघाले, तर त्या दोघांचं नातं भावंडांचं असतं. प्रवाहाचा त्यात काही संबंध नसतो. म्हणून २००१ साली बोर्गिनी, फुओंग माई दिन्ह आणि ओलित्रो यांनी एका वेळी चार कण घेऊन त्यातून जोड्यांचा वाटा वजा करण्याची पद्धत दिली. भालेराव, बोर्गिनी आणि ओलित्रो यांनी २००३मध्ये त्यापुढचं पाऊल टाकलं. ली आणि यांग यांनी १९५२ साली बाष्प आणि द्रव यांच्या स्थित्यंतरासाठी शोधलेलं गणित त्यांनी इथे आणलं आणि टकरीतल्या सर्व कणांचा सहसंबंध एकाच हिशेबात बसवला. पूर्णपणे वेगळ्या प्रश्नासाठी पन्नास वर्षांपूर्वी केलेलं गणित असं कामी येतं, तेव्हा सैद्धांतिक भौतिकीबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता २००५च्या त्या निबंधाकडे. कणांच्या दिशांचा आलेख वेगवेगळ्या हरात्मकांत फोडता येतो: दुसरं हरात्मक लंबगोलाचं, चौथं चौकोनी ठेवणीचं. चौथ्याला दुसऱ्याच्या वर्गानं भागलं तर आदर्श द्रवात उत्तर अर्ध्याच्या जवळ यायला हवं. स्टारच्या मोजमापात ते अर्ध्यापेक्षा बरंच जास्त येत होतं. चौघांनी यावरून समतोल अपुरा असल्याचा निष्कर्ष काढला. तांब्याच्या टकरींसाठी आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या, अजून सुरूही न झालेल्या एलएचसी यंत्रातल्या शिशाच्या टकरींसाठी भाकितंही दिली. पुढे ओलित्रो यांच्याच गटानं दाखवलं की त्या जास्तीच्या उत्तराचा बराचसा भाग टकरीच्या सुरुवातीच्या आकारातल्या चढउतारांमुळे येतो. स्वतःच्याच निष्कर्षाची अशी फेरतपासणी करणं मला फार मोलाचं वाटतं.

आणि हे चढउतारच या पंचवीस वर्षांचे खरे नायक ठरले. सोन्याच्या केंद्रकात १९७ न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, असतात आणि टकरीच्या क्षणी ते कुठे असतील याचा नेम नसतो. त्यामुळे सामायिक भाग गुळगुळीत लंबगोल कधीच नसतो. २००६ साली भालेराव आणि ओलित्रो यांनी दाखवलं की जोड्यांनी मोजलेल्या प्रवाहात या अनियमिततेचा वाटा मिसळतो, चार कणांनी मोजलेल्यात मात्र मिसळत नाही. तोवर दोन पद्धतींची उत्तरं जुळत नाहीत म्हणून वाद चालायचे. आता तोच फरक माहितीचा स्रोत झाला.

तरीही एक गोष्ट बराच काळ सगळ्यांच्या नजरेतून निसटली. जोड्यांच्या आलेखात समोरच्या बाजूला एका उंचवट्याऐवजी दोन उंचवटे दिसत होते. वेगवान कण द्रवातून जाताना ध्वनीची शंकूसारखी लाट उठवत असेल, असा तर्क कितीतरी निबंधांत झाला. खुलासा साधा होता. २०१० साली बुराक आल्वर आणि गुंथर रोलांड यांनी दाखवलं की अनियमिततेमुळे सुरुवातीचा आकार थोडा त्रिकोणीही असतो; मग उंचवटे शून्य, १२० आणि २४० अंशांवर यायचेच. तोवर सममिती गृहीत धरून तिसरं हरात्मक शून्य मानलं जायचं. त्याआधी २००८मध्ये भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेतले अजित श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळीच हरात्मकं मोजा, विश्वाच्या पार्श्वप्रारणात मोजतात तशी, असं सुचवलं होतं. त्यांच्याकडे आणखी लक्ष जायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

नोव्हेंबर २०१० मध्ये एलएचसीत शिशाच्या टकरी सुरू झाल्या. ‘अ‍ॅलिस’ गटानं मोजलेला एकूण लंबगोल प्रवाह रिकपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला. या गटात आणि आधी स्टारमध्येही आयआयटी मुंबईची माणसं होती, कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन केंद्राच्या पुढाकारानं बनलेलं फोटॉन मोजणारं यंत्रही होतं. समीकरणांच्या बाजूलाही काम चालू होतं. श्यानतेची, म्हणजे द्रवाच्या चिकटपणाची, भोळी समीकरणं सापेक्षतेत प्रकाशापेक्षा वेगवान संदेश देऊन बसतात. टीआयएफआरमध्ये अमरेश जैस्वाल, भालेराव आणि सुब्रत पाल यांनी २०१३च्या सुमारास त्यांची सुधारित रूपं काढली. आज श्यानता आणि एन्ट्रॉपी यांचं गुणोत्तर सैद्धांतिक किमान मर्यादेच्या, म्हणजे सुमारे ०.०८च्या, दुपटी-अडीचपटीच्या आत धरतात. म्हणजे आदर्श नाही, पण आजवर माहीत असलेल्या कुठल्याही नेहमीच्या द्रवापेक्षा त्याच्या जवळ.

२०११मध्ये भालेराव, मॅथ्यू लुझुम आणि ओलित्रो यांनी वेगवेगळ्या हरात्मकांचे आपसातले सहसंबंध मोजून सुरुवातीचा आकार उलगडण्याची दिशा दिली. २०१५मध्ये भालेराव, ओलित्रो, पाल आणि डेरेक टीनी यांनी चढउतारांचे प्रमुख घटक वेगळे करणारी सांख्यिकी पद्धत आणली. दोन वर्षांत एलएचसीवरच्या ‘सीएमएस’ गटानं ती प्रत्यक्ष मोजमापांवर लावली. भालेराव टीआयएफआरनंतर पुण्याच्या आयसर या संस्थेत काम करत राहिले. फुकुओकातल्या २०१२च्या आंतरराष्ट्रीय शाळेत त्यांनी दिलेली व्याख्यानं विद्यार्थ्यांना या विषयात शिरायला आजही उत्तम वाट आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाचं गणित पक्कं असेल तर ती वाचता येतात.

प्रश्न संपलेले नाहीत. २०१०मध्ये प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत आणि २०१२मध्ये प्रोटॉन-शिसे टकरींत तसेच सहसंबंध दिसले, जिथे द्रव असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. द्रव म्हणायला किमान किती कण लागतात, याचं उत्तर अजून सर्वमान्य नाही. जुलै २०२५मध्ये एलएचसीत ऑक्सिजन आणि निऑन यांची केंद्रकं आदळवली गेली. निऑनचं केंद्रक लांबट असल्यानं त्याचा लंबगोल प्रवाह जास्त यावा हे द्रवगतिकीचं भाकीत होतं, आणि मोजमाप त्याला धरून आलं.

२०१० आणि २०११मधल्या शिशाच्या टकरींच्या सीएमएसच्या नोंदी सर्नच्या खुल्या संग्रहात कुणालाही मोफत मिळतात. नाशिकच्या कॉलेज रोडवर भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला साध्या लॅपटॉपवर त्यातल्या काही टकरी घेऊन जोड्यांच्या कोनांचा आलेख स्वतः काढता येईल, आणि तिसऱ्या हरात्मकाचे उंचवटे स्वतः शोधता येतील.