इंजिनच नाही, मग हायवेला हा आवाज कसला? इलेक्ट्रिक पिकअप आणि टायरची भानगड

इलेक्ट्रिक गाडीचं पहिलं कौतुक असतं ते शांततेचं. बटण दाबलं, गाडी निघाली, आवाज काहीच नाही. पण तीच गाडी हायवेला लागून १०० चा वेग पकडते आणि आतमध्ये एक घूं... सुरू होते. गाणी लावली तरी ती मागे वाजतच राहते.

अमेरिकेत हा अनुभव इलेक्ट्रिक पिकअप ट्रक घेणाऱ्यांना हमखास येतो. फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग, रिव्हियनचा आर१टी हे तिथले गाजलेले ट्रक. आपल्याकडे पिकअप म्हटलं की मार्केट यार्डातली भाजीची गाडी डोळ्यासमोर येते. तिथे मात्र लोक त्याच गाडीने ऑफिसला जातात, मुलांना शाळेत सोडतात आणि सुट्टीत डोंगरात जातात. मग डोंगरासाठी म्हणून जाडजूड, दातेरी टायर बसवतात. घोळ तिथेच सुरू होतो.

मुळात हा आवाज नवीन नाही. पेट्रोल-डिझेलच्या गाडीतही तो असतोच, फक्त इंजिनाच्या घरघरीखाली दबून जातो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे इलेक्ट्रिक गाडीला पादचाऱ्यांसाठी मुद्दाम कृत्रिम आवाज काढावा लागतो, पण तो ताशी साधारण ३० किलोमीटरपर्यंतच. त्याच्या पुढे टायर आणि वाऱ्याचा आवाजच पुरेसा असतो, असं हा नियम धरून चालतो.

आता टायर नेमका वाजतो कशामुळे? टायरवरची नक्षी रस्त्याला टेकते तेव्हा खाचांमधली हवा दाबली जाते आणि पुढच्या क्षणी फटकन सुटते. सेकंदाला शेकडो वेळा. शिवाय टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जी पाचरीसारखी जागा तयार होते, ती कर्ण्यासारखं काम करते आणि आवाज मोठा करून बाहेर फेकते. म्हणून नक्षीचे ठोकळे जितके मोठे आणि खाचा जितक्या रुंद, तितका गोंगाट जास्त. कंपन्या हे ठोकळे मुद्दाम लहान-मोठे ठेवतात. सगळे एकाच मापाचे असते तर टायरने एकच सूर धरला असता, आणि तो कानाला फार टोचतो.

दुसरा आवाज टायरच्या पोटातला. आतली हवा एका गोल नळीत कोंडलेली असते आणि ती बासरीसारखी घुमते. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. इथे थोडं गणित करून बघितलं. पिकअपच्या २७५/६५ आर २० मापाच्या टायरमध्ये ही नळी साधारण २.१५ मीटर लांब भरते, म्हणजे सूर १६० हर्ट्झच्या आसपास. छोट्या हॅचबॅकच्या १७५/६५ आर १४ टायरमध्ये हाच आकडा २३० च्या जवळ जातो. पिकअपमध्ये जो खोल हुंकार जाणवतो, त्यात याचा मोठा वाटा.

यावर उपाय म्हणून मिशलिन, पिरेली, कॉन्टिनेंटल या कंपन्या टायरच्या आत फोमची पट्टी चिकटवतात. ती उपयोगी आहे, पण फक्त या पोटातल्या आवाजासाठी. बाहेरची नक्षी जे वाजवते, त्याला फोम काहीच करू शकत नाही. आणि पंक्चर काढताना त्या जागेचा फोम आधी कापावा लागतो, त्यामुळे कुठल्याही दुकानात पटकन काम होईलच असं नाही.

तिसरा वाटेकरी म्हणजे रस्ता. काँक्रीटच्या रस्त्यावर पकड राहावी, पाणी निघून जावं म्हणून बारीक आडव्या खाचा पाडतात. समजा त्या खाचा एकसारख्या २५ मिलिमीटर अंतरावर आहेत. ताशी १०० च्या वेगाला टायर सेकंदाला अकराशे खाचा ओलांडतो, म्हणजे ११०० हर्ट्झची शिट्टी. आपल्या कानाला हा सूर व्यवस्थित ऐकू येतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्याने २००३ पासून फिनिक्सच्या आसपासच्या काँक्रीट फ्रीवेवर रबर मिसळलेल्या डांबराचा थर टाकण्याचा प्रयोग केला होता, तो याच गोंगाटासाठी. आपल्याकडे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्ग काँक्रीटचे आहेत. त्यामुळे डांबरी रस्त्यावरून तिथे चढल्यावर आवाज अचानक बदलला, तर लगेच गाडीला दोष देऊ नका.

आता मुख्य प्रश्न, टायर घ्यायचा कुठला?

बहुतेक लोक आधी लूक बघतात आणि मग आवाज. माझ्या मते आधी वजन बघायला हवं. आर१टी रिकामा असतानाच सुमारे ३२०० किलोचा आहे, कारण खाली बॅटरी आहे. त्यात माणसं आणि सामान वेगळं. टायरच्या बाजूवर मापानंतर ११६ टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला आकडा म्हणजे तो एक टायर किती भार पेलतो याचा कोड. ११६ म्हणजे १२५० किलो, ११२ म्हणजे ११२०. कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा हा आकडा कमी असलेला टायर कितीही शांत आणि स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आवाज कमी व्हावा म्हणून हवा कमी ठेवणं हाही तसलाच प्रकार. हवा कमी केली की टायरची भार पेलण्याची ताकद कमी होते, तो जास्त तापतो, आणि हायवेच्या वेगाला तापलेला टायर फुटू शकतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे, तोच ठेवायचा.

वजन जमलं की मग नक्षी. दातेरी ऑल-टेरेन टायर चिखलात आणि दगडांवर खरोखर कामाचे आहेत. पण त्यांची किंमत आवाजात आणि रेंजमध्ये, दोन्हीकडे मोजावी लागते. आर१टी बाजारात आला तेव्हा २१ इंची चाकांवर त्याची अधिकृत रेंज ३१४ मैल, म्हणजे साधारण ५०५ किलोमीटर होती. २० इंची ऑल-टेरेन टायर घेतले तर ती १० ते १५ टक्क्यांनी घटते, असं कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणजे ५० ते ७५ किलोमीटर गेले. वर्षातून दोनदा चिखलात जाणार असाल आणि रोज हायवेला असाल, तर साध्या हायवे किंवा ऑल-सीझन टायरचाच हिशोब बसतो.

लेबलवरच्या डेसिबलचंही एक आहे. युरोपात टायरवर आवाजाचा आकडा छापतात, पण तो मोजतात ताशी ८० ने इंजिन बंद करून गाडी सोडल्यावर, साडेसात मीटर लांब ठेवलेल्या माइकवर. म्हणजे तो रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसासाठीचा आकडा आहे. गाडीच्या आत काय ऐकू येईल, हे तो सांगत नाही. अमेरिकेत टायरवर जी सरकारी श्रेणी असते तिच्यात झीज, पकड आणि तापमान एवढंच येतं, आवाज नाहीच. आपल्याकडे २०२२ च्या अधिसूचनेने टायरचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि घर्षण यांच्या मर्यादा ठरवून दिल्या, पण त्याही मर्यादाच. दोन टायरमधला केबिनमधला फरक त्यातून कळत नाही. त्यासाठी तोच टायर बसवलेल्या एखाद्याच्या गाडीतून हायवेला एक चक्कर मारून यावी.

आणि टायर आधी शांत होता, आता वाजायला लागलाय, असं असेल तर नवीन घेण्याआधी जुन्यावरून हाताचा तळवा फिरवून बघा. ठोकळे एका बाजूने उंच आणि दुसऱ्या बाजूने बसके लागले तर झीज वेडीवाकडी झाली आहे. इलेक्ट्रिक गाडीचं वजन आणि झटक्यात मिळणारी ताकद यामुळे ती लवकर होते. अशा वेळी अलाइनमेंट तपासून घ्यायची आणि पुढची चाकं मागे, मागची पुढे करायची. वळणावर स्टिअरिंग एका बाजूला फिरवल्यावर घरघर वाढत असेल, तर मात्र चाकाचं बेअरिंग दाखवून घ्या, टायरवर खर्च नंतर.